‘यात चाल कुठे आहे?’

ताई,

माझं वय 57. तरुणपणी आठ वर्षं तबला शिकलो. बोटं आता बसली, कान मात्र शाबूत आहेत अशी माझी समजूत आहे. घरात मी, पत्नी आणि 17 वर्षांची मुलगी. दोन महिन्यांपूर्वी ती फोन घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाबा, हे ऐक ना.” मी मिनिटभर ऐकलं. एक माणूस एकाच सुरात भराभर बोलत होता, मागे नुसती टकटक चालली होती. मी म्हटलं, “यात चाल कुठे आहे? याला गाणं म्हणतात?” तिने फोन बंद केला आणि ती निघून गेली. भांडण झालं नाही, पण तेव्हापासून तिने मला काही ऐकवलेलं नाही. कानात सदा इअरफोन. मी समोर आलो की एक काढते, “काय?” विचारते आणि पुन्हा घालते.

संगीत घसरलं आहे असं मला मनापासून वाटतं. माझं चुकतंय का, ते स्पष्ट सांगा. ‘प्रत्येक पिढीला असंच वाटतं’ हे उत्तर मात्र नको, ते पुष्कळ ऐकून झालं. जाता जाता आणखी एक विचारतो. माझ्याकडे दोनेकशे कॅसेट आहेत. त्या आता कोणी ऐकणार नाही. देऊन टाकू का?

– एक कानसेन

प्रिय कानसेन,

ते उत्तर मी देणार नाही. संगीतातल्या नव्या रीतींपासून राज्याने सावध राहावं, असं प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये लिहून ठेवलं त्याला सुमारे 2400 वर्षं झाली, म्हणजे तक्रार जुनी आहे यात शंका नाही. पण जुनी म्हणून ती खोटी ठरत नाही. शिवाय ‘प्रत्येक पिढीला असंच वाटतं’ म्हणणारा माणूस तुमचं ऐकून घेतच नसतो. तुम्ही मिनिटभरात मुलीचं गाणं निकालात काढलंत, तसाच तोही तुम्हाला निकालात काढतो. म्हणून आधी तुमचं म्हणणं नीट तपासू. त्यातलं बरंचसं खरं आहे.

आजची गाणी ऐकून लवकर थकायला होतं, असं तुम्हालाही होत असणार. त्याला ठोस कारण आहे. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाला एक छत असतं आणि त्याच्या वर गेलं की आवाज फाटतो. 1990 नंतर, सीडीच्या भराच्या काळात, प्रत्येकाला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. छत तर हलत नाही. मग जमीन वर उचलली गेली: गाण्यातले हळू आवाज मोठे केले, चढउतार दाबून सपाट केले आणि पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सगळं छताला टेकवून ठेवलं. ‘धा’ला वजन येतं ते आधीचे बोल हलके पडले म्हणून, हे तबला शिकलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. सगळेच बोल सारख्या जोराने वाजवले तर हाताचा जोर कळतो, पण तालाचा चेहरा हरवतो. त्या पंधरावीस वर्षांत असंख्य गाण्यांचं असं झालं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. चांगली गाणी होती त्यात. आता गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज आपणहून एका पातळीवर आणतात. त्यामुळे नुसतं मोठं वाजून फारसं काही पदरात पडत नाही आणि परिस्थिती थोडी निवळते आहे. पण सवय लागली ती लागलीच.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या संगीताची. गाणं सुरू होण्याआधी वाद्यांचा एक तुकडा यायचा आणि त्याने मन त्या गाण्याच्या घरात शिरायचं. अमेरिकेत 1986 ते 2015 या काळात लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत आलेली गाणी एका अभ्यासकाने मोजून पाहिली. सुरुवातीला हा तुकडा सरासरी 20 सेकंदांहून मोठा होता, शेवटी तो 5 सेकंदांच्या आसपास आला. त्यामागचं गणित साधं आहे. पुढचं गाणं एका बोटावर आलं, त्यामुळे ऐकणाऱ्याला पहिल्याच क्षणी धरून ठेवणं भाग पडलं. स्पॉटिफायवर तर गाणं 30 सेकंद वाजलं की ते ऐकलं गेल्याची नोंद होते. तेवढ्या वेळात मुखडा कानावर पडलाच पाहिजे, हा हिशेब गाणं बांधणाऱ्याच्या डोक्यात येणारच.

आणखी एक पुरावा तुमच्या बाजूने जातो. 2012 साली स्पेनमधल्या संशोधकांनी 1955 ते 2010 या काळातल्या 4,64,411 ध्वनिमुद्रणांचं संगणकावर विश्लेषण केलं. एका सुरावरून दुसऱ्यावर जायच्या वाटांमधलं वैविध्य कमी झालेलं आढळलं, आवाजांचे पोत एकमेकांसारखे होत गेलेले दिसले आणि ध्वनी मोठा होत गेलेला दिसला. वादात हा आकडा तुम्ही खुशाल वापरा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्यांनी सूर, पोत आणि मोठेपणा मोजला. शब्द लयीवर कसा बसतो, कुठे तो मुद्दाम उशिरा टाकला आहे, कुठे श्वास रोखला आहे, हे त्या मोजणीत नव्हतं. तुमच्या मुलीने ऐकवलेल्या प्रकारात, म्हणजे रॅपमध्ये, नेमकं तिथेच सगळं काम असतं. त्याकडे पुढे वळते.

त्याआधी ऑटोट्यून, म्हणजे गायकाचा ढळलेला सूर दुरुस्त करणारं संगणकाचं साधन. 1997 साली अँडी हिल्डब्रँड यांनी ते तयार केलं. जमिनीत ध्वनिलहरी सोडून खाली तेल कुठे आहे ते शोधायच्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि तिथलंच गणित त्यांनी गळ्याकडे वळवलं. सूर जरा ढळला की यंत्र त्याला जवळच्या ठरलेल्या सुरावर आणून बसवतं. माझी खरी तक्रार इथे आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, दोन सुरांच्या मधल्या वाटेवर जगते आणि हे यंत्र आंधळेपणाने लावलं तर ती वाटच पुसून टाकतं. गळ्याला थरथर असते, क्वचित जरासा कच्चेपणा असतो आणि त्यावरून आपण माणूस ओळखतो. ते सगळं घासूनपुसून काढलेलं गाणं ऐकलं की मला आत काहीतरी तुटल्यासारखं होतं.

पण हे लिहिताना हार्मोनियम आठवते. तिच्यावर मींड निघत नाही, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, तिच्या पट्ट्यांमध्ये मावत नाहीत, या कारणाने आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. आक्षेप अक्षरशः बरोबर होता. आजही त्या पेटीतून मींड निघत नाही. तरी ज्यांना संगीत समजत होतं त्यांनी तिच्यातून सूर बोलता केला आणि आज तिच्या साथीवाचून ख्यालाच्या मैफलीची कल्पना करणं अवघड जातं. ऑटोट्यूनचंही काही जण असंच करतात. सूर झाकण्यासाठी न वापरता ते मुद्दाम गळ्याचं वाद्य करतात. मला ते दर वेळी आवडत नाही, पण ते काय करत आहेत ते कळतं.

साच्याचीही गंमत पाहा. तुमच्या आवडीची जुनी गाणी तीन साडेतीन मिनिटांची का असतात? 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. गौहर जान यांनी 1902 साली तबकडीसाठी गायलं तेव्हा तासभर फुलवायचा राग त्यांना तेवढ्यात बसवावा लागला आणि शेवटी मोठ्याने आपलं नावही सांगावं लागलं. मैफलीत मुरलेल्या कानांना तो आवळलेला ख्याल किती तोकडा वाटला असेल! त्याच आवळलेल्या जागेत पुढे सबंध एक गानप्रकार वाढला. माईकचंही तेच. माईक नव्हता तेव्हा गवयाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. माईक आला आणि कानाशी कुजबुजल्यासारखं गाता येऊ लागलं. आपलं भावगीत त्या माईकच्या आणि तबकडीच्या काळातलं. खड्या आवाजाच्या चाहत्यांना ते मिळमिळीत वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही, पण आपण दोघंही त्या मिळमिळीतपणावर वाढलो आहोत.

आता तुमचं कुठे चुकतं ते सांगते.

तुम्ही कालच्या चाळलेल्या धान्याची आजच्या न चाळलेल्या धान्याशी तुलना करता आहात. हे तुम्हाला कोणीतरी आधी सांगितलंही असेल, म्हणून पुरावा तुमच्याच घरातला घ्या. दोनशे कॅसेटपैकी कुठल्याही दहा काढा. प्रत्येकीची दुसरी बाजू पाहा. त्यातली किती गाणी तुम्ही बटण दाबून पुढे पळवत होतात? एका गाण्यासाठी कॅसेट घ्यायची आणि बाकीची सात तशीच पडून राहायची, हा अनुभव मला तरी पुष्कळदा आला. ती सात गाणीही त्याच तथाकथित सुवर्णकाळातली होती. कोणीतरी लिहिली, कोणीतरी चाल लावली, वादकांनी वाजवली आणि काळाने ती गाळून टाकली. आजची चाळण अजून हलते आहे. तुमच्या मुलीचं गाणं त्यात राहील की खाली पडेल हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही.

दुसरी चूक तुमची नाही, ती माणसाच्या मेंदूची आहे. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोघांनी 1989 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या वयांच्या लोकांना वेगवेगळ्या वर्षांची गाणी ऐकवली आणि आवड विचारली. आपण साधारण 24 वर्षांचे असताना जे वाजत होतं त्याकडे कल सगळ्यांत जास्त निघाला. आठवणींवर काम करणाऱ्यांनाही असंच दिसतं. म्हातारपणी माणसाला आयुष्यातलं आठवायला सांगितलं की दहा ते तीस या वयातलं भरभरून येतं. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, आईवडिलांपासून लांब काढलेली पहिली रात्र. प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी वाजत असतं आणि ते तिच्यासकट मुरतं. म्हणून आपल्या गाण्याबद्दल बोलताना आपण चालीबद्दल बोलतो असं आपल्याला वाटतं, पण अर्धं बोलणं त्या वयाबद्दल चाललेलं असतं. तुमची मुलगी आज 17 वर्षांची आहे. तिचं मुरवण आत्ता घातलं जातंय.

आणि कान शिकवलेला असतो. सुरेल आणि बेसूर हे तरी उपजत असेल असं आपण धरून चालतो ना? बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या चिमाने लोकांना जुळणारे आणि न जुळणारे स्वर एकत्र करून ऐकवले, तर दोन्ही त्यांना सारखेच सुखद वाटले. 2016 साली ‘नेचर’मध्ये हे काम आलं. तिथे मुळात असे एकत्र स्वर लावून गायची रीत नाही, त्यामुळे कानाला भेद करायची सवयच लागलेली नाही. ऐकून ऐकून गोडी लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी 1968 मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं. तुमच्या लाडक्या गाण्यांना तुम्ही शेकडो वेळा कान दिला आहे. तिच्या गाण्याला एक मिनिट.

तेही कशावर? फोनवर. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गफलत इथे झाली असं मला वाटतं. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. खालचे, घुमणारे सूर त्यातून येतच नाहीत, त्यांना हलवायला हवा लागते आणि तेवढी हवा तो ढकलू शकत नाही. आजच्या पुष्कळशा गाण्यांचा पाया तिथे खाली असतो, कित्येकदा चालही. वर शब्द चालू असतात आणि खाली बास गात असतो. तुम्ही ऐकलंत ते पाया काढून घेतलेलं घर होतं. तबल्याची जोडी ऐकताना कोणी घुमणारा डग्गा काढून घेतला आणि फक्त तबल्याच्या कडेचा, चाटेवरचा आवाज तुमच्यापर्यंत आला तर तुम्ही काय म्हणाल? नुसती टकटक, असंच ना? तुमच्या पत्रात तोच शब्द आहे.

शिवाय पन्नाशीनंतर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं हळूहळू कमी होतं. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं तिथेच राहतात आणि भराभर म्हटलेले शब्द त्यांच्यावाचून एकमेकांत मिसळून जातात. कान शाबूत आहेत असं तुम्ही लिहिलंत. एकदा तपासून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ‘शब्द कळत नाहीत’ या तक्रारीतली थोडी आपल्या वयाची असते, सगळी गायकाची नसते.

आता चालीचा प्रश्न. यात चाल कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही आठ वर्षं तबला शिकलात, म्हणजे पढंत केली असणार. हाताने ताल धरायचा आणि कायदा, तुकडा, चक्रदार तोंडाने म्हणायचा. तिथे चाल कुठे असते? एकाच सुरात बोल म्हटले जातात आणि ऐकणारा तरी खुर्चीच्या टोकाला येऊन बसतो, कारण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठून गाठली जाणार आहे ते त्याला कळत नसतं. आड घेतली, म्हणजे बोल दीडपट लयीत टाकले, की अंगावर काटा येतो. रॅपमध्ये चाललेलं असतं ते याच्या फार जवळचं आहे. ठेका सरळ चालू राहतो, शब्द त्याच्या पुढे-मागे पळतात, यमक अपेक्षित जागी न येता अर्ध्या मात्रेनंतर येतं आणि मग चार ओळींनी सगळं एकदम समेवर पडतं. चांगल्या रॅपरची फेक चांगल्या पढंतीसारखी मोजूनमापून केलेली असते. वाईट रॅपर कंटाळवाणा असतो, तसा वाईट तबलजीही असतो. आपल्याकडचा पोवाडा घ्या किंवा फटका घ्या. तिथेही शब्दाची फेक आणि त्यातला दम आधी, सुरावट नंतर. रॅपचा जन्म वेगळ्या लोकांत आणि वेगळ्या दुःखांतून झाला, त्याचं नातं उगाच ओढूनताणून आपल्याशी लावायला मी सांगत नाही. पण कान लावायची जागा तुमच्याकडे आधीपासून तयार आहे. तुमच्या घरात ते गाणं समजू शकणारं माणूस बहुधा तुम्हीच होतात. ती ते घेऊन तुमच्याकडे आली यात मला नवल वाटत नाही.

यात शिवराळ किंवा बायकांना हीन लेखणारे शब्द असले तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. त्याबद्दल जरूर बोला. शब्दांबद्दल म्हणून बोला, संगीताबद्दल म्हणून नको. दोन तक्रारी एकत्र केल्या की तिला दोन्ही टाकून देता येतात.

माझे वडील शास्त्रीय संगीताचे दर्दी होते. मी 15 वर्षांची असताना रेडिओवरून मुद्दाम कॅसेटवर घेतलेलं एक गाणं त्यांना लावून दाखवलं. ते गाणं मला इतकं आवडलं होतं की एकटीला ते सोसवत नव्हतं, कोणालातरी द्यावंसं वाटत होतं. त्यांनी अर्धा अंतरा ऐकला आणि “बंद कर” म्हणाले. रागावून नाही, सहज म्हणाले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आम्ही एका घरात, मग दोन घरांत, रोज संगीत ऐकत राहिलो आणि त्यावर एक वाक्य बोललो नाही. ते गेल्यावर मी त्यांच्या आवडीचे राग ऐकायला लागले. खूप उशीर झाला होता. विचारायच्या किती गोष्टी होत्या, त्या आता मी कोणाला विचारू?

म्हणून तुमच्या पत्रातलं ‘भांडण झालं नाही’ हे वाक्य वाचून मला चैन पडेना. भांडण झालं असतं तर बरं होतं. मिटवायला काहीतरी हाती असतं.

त्या दिवशी ती तुमचं मत विचारायला आली नव्हती. त्या वयात आवडतं गाणं दाखवणं म्हणजे स्वतःचा एक कोपरा उघडून दाखवणं असतं. तिथे ‘याला गाणं म्हणतात?’ हे उत्तर तिने गायकाबद्दल ऐकलं नाही, स्वतःबद्दल ऐकलं. आणि आज घरातल्या सगळ्यांसाठी एकच रेडिओ मध्यावर नाही. तो होता तेव्हा आवडो न आवडो, दुसऱ्याचं कानावर पडायचं. मुलांचं आईबापांच्या कानात शिरायचं, आईबापांचं मुलांच्या. आता ज्याचं त्याच्या कानात. दाखवलं तरच दिसतं, अशी ही दुनिया झाली आहे आणि तिने दाखवलं होतं.

तर तिच्याकडे जा. प्रस्तावना करू नका. “त्या दिवशी मी तुझं गाणं नीट ऐकलं नाही आणि बोललो ते चुकीचं बोललो. तेच गाणं मला पुन्हा ऐकायचंय,” एवढं पुरे. ‘पण’ने सुरू होणारं काही त्यापुढे जोडू नका. ती कदाचित “राहू दे” म्हणेल. मग गाण्याचं नाव तेवढं मागा आणि स्वतः ऐका. चांगले हेडफोन लावा किंवा मोठ्या स्पीकरवर ऐका, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातात दुसरं काही न घेता. तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा. पहिल्यांदा परकेपणाच ऐकू येईल, त्यावरून काही ठरवू नका. दुसऱ्यांदा फक्त ठेका धरा, मांडीवर मात्रा मोजा. शब्द कुठे समेवर पडतात आणि कुठे मुद्दाम चुकवतात ते पाहा. तिसऱ्यांदा शब्द वाचत ऐका.

मग तिला एकच विचारा: “यातली तुझी आवडती जागा कुठली?” ‘जागा’ हा आपल्या कानसेनांचा शब्द आहे. तिला तो कदाचित ठाऊक नसेल, तुम्ही सांगा. अमक्या वळणावर सूर असा वळला की जीव जातो, ती जागा. “का आवडतं?” असं विचारलं की मुलांना परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं. “कुठे आवडतं?” याचं उत्तर बोटाने दाखवता येतं. ती गाणं मागे नेईल, पुन्हा लावेल, “आता, आता, हे” म्हणेल. त्या क्षणी बोलू नका, फक्त ऐका.

आवडल्याचं नाटक करायचं नाही. मुलांना ते लगेच कळतं आणि वाईट मतापेक्षा जास्त लागतं. “शेवटच्या तुकड्यात बास थांबतो तिथे मला मजा आली, बाकीचं अजून पोचलं नाही,” असं खरं सांगा. नावडतीचं कारणही नेमकं सांगितलंत तर तिला त्यावर बोलता येईल. ‘घसरलंय’ यावर काय बोलणार? ‘इथे सगळं एकाच जोराने वाजतंय, मला चढउतार हवा होता’ यावर ती वाद घालेल आणि तो वाद चांगला असेल. एकाच व्हॉल्यूमवर चिकटलेलं गाणं आणि दाबून सपाट न केलेलं गाणं तुम्ही तिला शेजारी शेजारी ऐकवू शकता. हे तिला इतर कोणी सांगणार नाही.

आणि हो, इअरफोनच्या आवाजाबद्दल एकदा सांगून ठेवा, संगीताच्या वादापासून वेगळं काढून. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही मर्यादा घातली आहे. बऱ्याच फोनमध्ये कानापर्यंत किती डेसिबल जातात ते दिसतं. तिचे कान तिला पुढे साठ वर्षं लागणार आहेत.

तुमच्या पाळीचं गाणं लगेच पुढे करू नका. ती मागेल तेव्हा एकच ऐकवा. ते किती थोर आहे, कोणत्या रागात आहे, वाद्यं किती होती, हे आधी सांगू नका. ते तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा कुठे होतात, किती वर्षांचे होतात, कोणाबरोबर होतात, एवढं सांगा.

आता कॅसेट. देऊन टाकू नका. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी 2013 साली विशीतल्या विद्यार्थ्यांना मागच्या अनेक दशकांची गाणी ऐकवली. आपल्या काळाच्या गाण्यांशी त्यांचं नातं घट्ट असणार, हे अपेक्षितच होतं. पण आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशी आलेखाला आणखी एक उंचवटा निघाला आणि साठच्या दशकापाशी, म्हणजे बहुधा आजीआजोबांकडून आलेला, तिसराही. घरात वाजत राहिलेलं कुठेतरी साठून राहतं. तुमच्या मुलीतही साठलं असणार, तुम्ही तिला ‘हे खरं संगीत’ म्हणून न शिकवलेलं सगळं.

वाजवायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एका जागी गुंडाळलेली फीत चिकटलेली असू शकते. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. कॅसेट कोरड्या जागी, उभ्या आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. ज्यांची तबकडी किंवा डिजिटल प्रत कुठेच मिळत नाही, त्या आधी संगणकावर उतरवून घ्या. घरगुती ध्वनिमुद्रणं, एखादी मैफल, तुमच्या गुरुजींचा तबला असं काही असलं तर ते सगळ्यात आधी. फितीवरचा थर झडायला लागला की परत येत नाही. उतरवायचं काम मुलीकडे मागा. संगणकाचं तिला जमेल, हेड पुसणं तुम्हाला. आणि प्रत्येक कॅसेटच्या कागदाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने साल आणि ती कशी आली ते लिहीत चला. दोनशे आहेत, दिवाणखान्यात बसून सावकाश करा, आणि त्या वेळी आवाज खोलीत राहू द्या, हेडफोनवर नको.